बुजवलेली रेघ

चौतीस वर्षं मी रस्त्यांवर रेघा मारल्या. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई डबा आणि ब्रश घेऊन रस्ताभर वाकून चालत असेल. सुरुवातीला जवळपास तसंच होतं म्हणा. मी रस्ते विभागात लागले तेव्हा आमच्या टोळीत सात जण होते आणि रंग वितळवायची एक भलीमोठी कढई होती. पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत दोघांनी दोरीची दोन टोकं धरायची, दोरीला खडूची पूड चोळायची, ती ताणायची, आणि तिसऱ्याने मधोमध चिमटीत उचलून सोडून द्यायची. फट्ट! डांबरावर खडूची सरळ रेघ उठायची. मग तिच्यावरून ढकलगाडी न्यायची. गाडीच्या पोटातून गरम रंग पट्ट्यासारखा उतरायचा आणि तो निवायच्या आत त्यावर काचेचे मणी शिंपडायचे, मोहरीहूनही बारीक. अंधारात गाडीचा दिवा पडला की रेघ चमकते ती त्या मण्यांमुळे. घरी आले की माझ्या खिशांतून, बुटांतून, केसांतून मणी सांडायचे. आमचे हे म्हणायचे, "लोकांच्या बायका मोती घालून मिरवतात. आमची काच सांडत येते."

दोरी सोडायचं काम पुढे माझ्याकडेच आलं, कारण माझा हात हलत नसे. निवृत्त झाले तेव्हा मी टोळीची मुकादम होते आणि सगळे मला रेघबाई म्हणत.

घरात दुसरी एक बाई होती, तिचं नाव सरळबाई. ती माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण, पण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. म्हणून मी तिला "वन्सं, तुम्ही" म्हणते आणि ती मला "वहिनी, तू". वन्संनी लग्न केलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली एक जादा ब्रेक, आणि तोंडात एकच मंत्र: "जवळ बघू नकोस, लांब बघ. गाडी सरळ जाते." म्हणून सरळबाई. निम्म्या शहराला त्यांनी गाडी शिकवली असेल. अजूनही सिग्नलला शेजारच्या गाडीतला एखादा टकलू माणूस काच खाली करून त्यांना नमस्कार करतो आणि वन्सं त्याला म्हणतात, "हात स्टिअरिंगवर!"

आमचे हे होते तेव्हा पाहुण्यांना सांगायचे, "एक रेघ मारते, दुसरी रेघेच्या आत राहायला शिकवते. ह्या घरात वाकडं पाऊल टाकायची मला सोयच राहिली नाही."

आता हे नाहीत. मी एकोणसत्तर वर्षांची आहे, वन्सं एकाहत्तरच्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहायला जातो. तिथे तलावाचं पाणी कोमट असतं आणि आमच्या वयाच्या बायकांचा एक वर्ग चालतो. वन्सं पोहतात, मी तरंगते. गाडी अर्थात वन्सं चालवतात. मी मागच्या सीटवर बसते, कारण शेजारच्या सीटवर कुणी बसलं की वन्संना वाटतं आपलीच परीक्षा चालली आहे.

ह्या वर्षी माझ्या मुलाने नवी गाडी घेतली. मुलाला घरात सगळे बंड्या म्हणतात, वय वर्षं एक्केचाळीस. तो विमा कंपनीत आहे, अपघातांचे दावे तपासतो, त्यामुळे त्याला दिवसाउजेडीसुद्धा सगळीकडे अपघातच दिसतात. गाडी निवडताना त्याने रंग पाहिला नाही, डिकी पाहिली नाही; ती किती वेळा सावध करते तेवढं पाहिलं. तो स्वतः ऑफिसला कंपनीच्या बसने जातो, तेव्हा गाडी आठवडाभर आमच्याच हाती.

पहिल्या दिवशी त्याने आम्हा दोघींना अंगणात उभं करून समोरच्या काचेच्या आत, आरशामागे बसवलेला एक डोळा दाखवला. कॅमेरा. गुंडीएवढा.

"हा सतत पुढचा रस्ता बघतो," बंड्या म्हणाला. "आपल्या लेनच्या दोन बाजूंच्या रेघा शोधतो. गाडी त्या दोन रेघांच्या मध्ये कुठे आहे, त्याचा हिशेब करत राहतो. इंडिकेटर न देता चाक रेघेकडे सरकायला लागलं की गाडी वाजते आणि स्टिअरिंग थरथरतं. तरी सरकलंच, तर स्टिअरिंग स्वतःच हलकेच वळून गाडीला मधोमध आणतं."

"आणि इंडिकेटर दिला तर?" वन्संनी विचारलं.

"तर गप्प बसते. तिला कळतं की तू मुद्दाम लेन बदलते आहेस."

"आणि रेघच नसली तर?"

"मग काही करत नाही. इथे समोर रेघांचं चित्र आहे ना, ते करडं होतं. हळू चालवताना पण करत नाही, साठच्या वर गेलं की जागी होते."

वन्संनी त्या गुंडीएवढ्या डोळ्याकडे वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे ही गाडी तुझं अक्षर वाचते गं, वहिनी."

मला काय आनंद झाला सांगू! माणसं रेघ बघतात आणि विसरतात. चौतीस वर्षांत कुणी थांबून म्हणालं नव्हतं की बाई, काय सुरेख रेघ आहे. आणि आता एक यंत्र रस्ताभर डोळे लावून फक्त माझंच काम बघत जाणार होतं. पहिले दोन आठवडे मी मागच्या सीटवरून पुढे वाकून त्या चित्राकडेच बघत बसायची. दोन हिरव्या रेघा आणि मध्ये छोटीशी गाडी. कुठे रेघ पुसट झाली की चित्र करडं व्हायचं आणि मी पुटपुटायची, "मणी कमी टाकलेत मेल्यांनी."

तिसऱ्या आठवड्यात बंड्या जेवताना फोन बघत म्हणाला, "आत्या, मंगळवारी दोनदा लेन सोडलीस. शुक्रवारी पण दोनदा."

"कोण म्हणतं?"

"गाडी म्हणते. आठवड्याचा अहवाल येतो मला."

"गाडी चहाड्या करते?" वन्सं म्हणाल्या. "शिकवणीला येणाऱ्या पोरांचे बाप असे असायचे. मी लेन सोडलेली नाही. पुलाच्या पुढच्या वळणावर ती बया उगाच वाजते आणि स्टिअरिंग ओढते. मी घट्ट धरून सरळ जाते. रस्त्यातच काहीतरी आहे तिथे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," बंड्या हसून म्हणाला, आणि आमची सूनबाई पण हसली. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू.

पण पुढच्या आठवड्यात पुन्हा चार. त्याच्या पुढच्या आठवड्यात चार. बंड्याचं हसू गेलं. रविवारी संध्याकाळी त्याने स्वतः त्या रस्त्याने गाडी नेऊन आणली. एकदाही वाजली नाही. मग तो गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला आणि आम्ही दोघी बरोबर गेलो. तिथल्या मेकॅनिक मुलीने गाडी सपाट फरशीवर उभी केली, पुढे मोजून अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक मोठा फळा ठेवला आणि संगणकावर अर्धा तास काहीतरी तपासलं.

"कॅमेरा अगदी शहाणा आहे," ती म्हणाली. "एक केसभरही हललेला नाही."

"त्याला रेघ कळते कशी गं?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आजी, त्याला रेघ अशी कळत नाही. उजेडातला फरक कळतो. गडद रस्ता, मग एकदम उजळ, मग पुन्हा गडद. असा उजळ पट्टा लांबवर सारख्या रुंदीने गेला की तो म्हणतो, ही रेघ."

"पांढरा रंगच पाहिजे असं नाही?"

"उजळ दिसलं की पुरे."

तेव्हा मी मान डोलावली आणि विसरून गेले. कारण मागे वन्सं अगदी गप्प उभ्या होत्या. कॅमेरा शहाणा, म्हणजे वेडं कोण, हे कुणी बोललं नव्हतं, पण ते तिथे फरशीवर सगळ्यांच्या मधोमध उभं होतं.

त्या संध्याकाळी बंड्या आत्याजवळ येऊन बसला. पोरगा वाईट नाही, त्याचा जीव आहे तिच्यावर. लहानपणी तिच्याच मांडीवर बसून त्याने स्टिअरिंग धरलं होतं. "आत्या, मी रोज कागदांवर बघतो गं. एकदाच तोल जातो आणि... तू आता चालवू नकोस. मी ड्रायव्हर लावून देतो, मंगळवार-शुक्रवार."

मला वाटलं, आता वन्सं त्याला सोलून काढतील. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"खरं असेल," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाला आपलं वाकडं आपल्याला दिसत नाही."

मला आयुष्यात बऱ्याच गोष्टींनी रडू आलं आहे, पण एवढं साधं वाक्य ऐकून कधी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वन्सं एकट्याच जाऊन डोळे तपासून आल्या. नंबर तोच. मग हात पुढे करून मला म्हणाल्या, "बघ गं, थरथरतायत का?" नव्हते थरथरत. "मान बघ, एका बाजूला कललेय का?" शेवटी एकदम माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, तू मागे बसतेस. खरं सांग. मी वाकडी चालवते?"

"नाही हो वन्सं."

"तू माझी बाजू घेते आहेस."

"मी कधी तुमची बाजू घेतली आहे? पन्नास वर्षांत एकदा तरी?"

ह्यावर त्यांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. ड्रायव्हर लावायला त्यांनी नकार दिला. मंगळवार गेला, शुक्रवार गेला. पोहायच्या पिशव्या दारामागे लटकून राहिल्या. वन्सं खिडकीत बसून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत, पण आता कुणालाही "इंडिकेटर दे!" म्हणून ओरडत नव्हत्या.

मी मात्र स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते. माझं डोकं साधं आहे, पण लांबचं आठवतं. वाजायची ती एकाच जागी: पुलाच्या पुढचं वळण. वाजायची ती जाताना, येताना नाही. आणि वाजायची ती सकाळी. बंड्याने नेली ती संध्याकाळी. वन्संची नजर वाकडी असती, तर ती सकाळी वाकडी आणि दुपारी येताना सरळ, असं कसं?

पुढच्या मंगळवारी मी कुणाला न सांगता बस पकडली आणि पुलाच्या थांब्यावर उतरले. पदपथावरून वळणापर्यंत चालत गेले. पावणेनऊ वाजले होते. सूर्य समोर, खाली, थेट डोळ्यांत. मी उभी राहून रस्त्याकडे पाहिलं. माझ्या काळातल्याच दोन पांढऱ्या रेघा, बऱ्यापैकी टिकलेल्या. तिसरं काही दिसेना. मग मला ती मेकॅनिक मुलगी आठवली, आणि कॅमेऱ्याची उंचीही आठवली. गुडघे कुरकुरले तरी मी हळूहळू पदपथाच्या कडेला खाली बसले.

आणि मला ती दिसली. खऱ्या रेघांच्या शेजारून सुटून, बाहेरच्या बाजूला झोकात वळून गेलेली दुसरी एक जोडी. लखलखीत! सूर्याच्या उजेडात ती खऱ्या रेघांहून जास्त उजळ होती. मी उठून उभी राहिले, तर गायब. बसले, तर हजर. एक सायकलवाला थांबून म्हणाला, "आजी, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "अरे बाबा, फार बरं वाटतंय!" तो घाबरून निघून गेला.

बरं वाटणं मात्र फार टिकलं नाही. कारण ती रेघ कुणाची, हे मला लगेच ओळखू आलं.

नऊ वर्षांपूर्वी त्या वळणावरून एक फाटा सिमेंटच्या कारखान्याकडे जायचा. कारखाना बंद झाला, फाटा बंद झाला, आणि वळण जरा सरळ करायचं ठरलं. नव्या रेघा मारायच्या आणि जुन्या काढायच्या. जुनी रेघ काढायची म्हणजे मशीनने घासून काढायची असते, तोच नियम आहे. तो माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा. घासायचं मशीन नादुरुस्त होतं, दुसऱ्या विभागाकडून यायला चार दिवस लागणार होते, आणि चार दिवसांनी मी नोकरीत नसणार होते. मला माझं शेवटचं काम अर्धवट सोडून जायचं नव्हतं. मी टोळीला म्हणाले, "काळा रंग आणा. वरून फासा. काळ्यावर काळं, कुणाला दिसणार आहे?" पोरांनी जरा का-कू केलं, तर मी स्वतः रोलर घेतला. इतकं सफाईदार काम झालं की इंजिनिअर साहेबांनासुद्धा जुनी रेघ सापडली नाही. त्यांनी निरोपाच्या भाषणात तेच सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण काळा रंग गुळगुळीत असतो आणि डांबर खरबरीत. खालचा जुना पट्टा जाड, म्हणून तो उचलून आलेला. तिरपं ऊन पडलं की डांबर उजेड गिळतं आणि रंग आरशासारखा परततो. उभा माणूस उंचावरून बघतो, गाडीतला माणूस वन्संसारखा लांब बघतो, त्याला फरक पडत नाही. यंत्राला काय कळणार! त्याला उजळ पट्टा दिसला, तो म्हणाला ही रेघ, आणि गाडीला बंद कारखान्याकडे नेऊ लागला. वन्संनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि त्या सरळ गेल्या. म्हणजे माझी पुसलेली रेघ त्यांनी ओलांडली. दोन रेघा, दोनदा. सरळ गेल्या म्हणून त्यांच्या नावावर वाकडं चालल्याची नोंद झाली.

बसमध्ये परत येताना मी मनात बरेच पर्याय चाळले. रस्त्यात दोष आहे एवढंच सांगावं, कुणी केला ते कशाला? विभागाला निनावी चिठ्ठी लिहावी. चौतीस वर्षांचं नाव, आणि ते वन्संच्या हाती द्यायचं! नणंदेच्या हाती आयतं कोलीत. त्या मेल्यावरसुद्धा मला बोलून दाखवतील. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी अवस्था झाली. पण घरात शिरले तेव्हा वन्सं खिडकीत होत्या, पाठ थोडी वाकवून, जणू कुणीतरी त्यांच्या आतली दोरी सैल सोडली होती. मी बूटसुद्धा काढले नाहीत.

"वन्सं, तुम्ही वाकडी चालवत नाही. मी वाकडं काम केलं आहे."

मी सगळं सांगितलं. मशीन, रोलर, साहेबांचं भाषण, टाळ्या. त्या ऐकत होत्या. मी थांबले. मग त्यांच्या खांद्यांत काहीतरी हललं. मला वाटलं रडतायत. रडत नव्हत्या. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की सूनबाई आतून धावत आली.

"डोळे तपासले मी!" वन्सं हसता हसता म्हणाल्या. "आरशासमोर उभी राहून मान मोजली! आणि ही बाई नऊ वर्षांपूर्वी रस्त्याला काळं फासून, टाळ्या घेऊन घरी आली होती! आणि मीच त्या दिवशी तिला कौतुकाने खीर करून घातली!"

"दोन वाट्या घातली होतीत," मी म्हणाले. आता लपवून काय उरलं होतं?

"बंड्याला कोण सांगणार?"

"मीच सांगते."

"सांगू नकोस," वन्सं म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत तो मास्तरणीचा खट्याळपणा आला. "त्याला चालवू दे. शिकणाऱ्याला सांगून कळत नाही, स्टिअरिंग धरल्यावर कळतं."

रविवारी सकाळी साडेआठला आम्ही बंड्याला अंथरुणातून उठवलं. कुठे जायचं, कशाला, काही सांगितलं नाही. "आईला पुलापलीकडे काम आहे," एवढंच. तो जांभया देत गाडीत बसला. मी त्याच्या शेजारी, वन्सं मागे. पूल ओलांडला. काटा सत्तरवर होता, ऊन समोर होतं, दोन हिरव्या रेघा चित्रात शहाण्यासारख्या चालल्या होत्या. वळण आलं. बंड्याच्या हातातलं स्टिअरिंग एकदम बाहेरच्या बाजूला वळू लागलं.

"अरे! अरे, अरे!" तो ओरडला आणि त्याने ते घट्ट धरून गाडी सरळ ठेवली. गाडी वाजली. स्टिअरिंग थरथरलं. लगेच पुन्हा वाजली.

"बंड्या," मागून वन्संचा शांत आवाज आला, "दोनदा लेन सोडलीस."

"मी नाही सोडली! हिने ओढलं! मी सरळच चाललो होतो!"

"असं सगळेच म्हणतात," वन्सं म्हणाल्या. "वय किती झालं तुझं?"

पुढच्या पेट्रोल पंपावर त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि मागे वळून आत्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी चोरून साखर खाताना सापडायचा तेव्हा व्हायचे तसेच.

"आत्या..."

"राहू दे. अंगण खरंच वाकडं होतं. कुणी वाकडं केलं ते तुझ्या आईला विचार, ती फार छान सांगते."

मग आम्ही तिघं चालत वळणावर गेलो आणि मी माझ्या चाळीशीतल्या मुलाला पदपथाच्या कडेला उकिडवा बसवला. त्याने रेघ पाहिली. उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. वन्सं त्याच्या शेजारी बसून पाहू लागल्या आणि मग मीही बसले. येणारे-जाणारे बघत होते. तीन शहाणी माणसं रस्त्याच्या कडेला उठाबशा काढतायत आणि हसतायत, असं दृश्य त्यांनी कुठे पाहिलं असणार?

किल्ली बंड्याने तिथेच दिली. नुसती दिली नाही, दोन्ही हातांनी दिली. घरी येताना वन्संनी चालवली आणि मला म्हणाल्या, "वहिनी, ये, पुढे बस. आता तू माझी काय परीक्षा घेणार!"

सोमवारी मी रस्ते विभागात गेले. नऊ वर्षांत तिथल्या भिंतींचा रंग बदलला होता. माझ्या जागेवर आता एक तिशीतली मुकादम होती. मी तिला सांगितलं, अमुक वळणावर बुजवलेली रेघ आहे, घासून काढायला हवी. तिने वहीत लिहिता लिहिता विचारलं, "बुजवली कुणी असेल?"

"मी," मी म्हणाले.

तिने मान वर केली. "रेघबाई? आमच्याकडे अजून तुमचं नाव घेतात. सरळ रेघ हवी तर रेघबाईसारखी दोरी सोडा म्हणून."

"आता हेही सांगा," मी म्हणाले. "काळ्यावर काळं फासू नका म्हणून. घासा."

गुरुवारी पहाटे मशीन लागलं. आम्ही दोघी बघायला गेलो. मशीन घूं घूं करत जुनी रेघ खरवडत होतं, आधी काळा भुगा, मग त्याखालून पांढरा. माझी नऊ वर्षांपूर्वीची सफाई पीठ होऊन उडत होती आणि मला, खरं सांगते, अगदी हलकं वाटत होतं. त्या मुकादमबाईने नवी कडेची रेघ आखायला दोरी ताणली होती. ती म्हणाली, "बाई, सोडता का?" मी वाकले. चिमटीत दोरी उचलली. फट्ट!

हात हलला नाही.

शुक्रवारी पावणेनऊला आम्ही त्या वळणावर होतो. वन्सं सत्तरने गेल्या. सूर्य डोळ्यांत होता. गाडी काही बोलली नाही, स्टिअरिंग हललं नाही, चित्रातल्या दोन रेघा हिरव्याच राहिल्या. वन्संनी हूं केलं, माझ्याकडे पाहिलंही नाही, लांब बघत राहिल्या.

पोहून निघालो तेव्हा ओले केस पुसत त्या गाडीत बसल्या, किल्ली लावली आणि मग थांबल्या.

"वहिनी, चौतीस वर्षं नोकरी केलीस. मशीन काय एकदाच बिघडलं असेल? आणखी कुठे कुठे काळं फासून ठेवलंयस?"

मी आठवू लागले. आठवायला फार वेळ लागला नाही. बऱ्याच ठिकाणी नंतर नवं डांबर पडलं होतं, पण चार जागा तशाच असणार. एक बाजाराच्या मागे, दोन स्टेशनच्या रस्त्याला, आणि एक थेट धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दीड तासाच्या अंतरावर. आकाश निरभ्र होतं, टाकीत पेट्रोल भरपूर होतं आणि सूनबाईला सुट्टी होती, तेव्हा घरी स्वयंपाकाला ती होतीच.

"धरणाच्या रस्त्याला एक आहे," मी म्हणाले.

वन्संनी इंडिकेटर दिला.